सतरा तासांवरचा भाऊ

मुंबई ते ऑकलंड हे अंतर नेटवर बघितलं तर बारा हजार किलोमीटरांच्या पुढे जातं, आणि वाटेत एकदा विमान बदलून सतरा-अठरा तास लागतात असं खाली लिहिलेलं असतं. हे सतरा तास मी कित्येक वर्षं डोक्यात बाळगून होतो. आमचे वडील तात्या गेले त्या सकाळी मी न्यूझीलंडला विलासला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, फोन लावला. बातमी ऐकून त्याने फोन ठेवला. थोड्या वेळाने त्याचाच फोन आला. "भाऊ, मी बघितलं. मला पोचायला दोन दिवस लागतील. तुम्ही उरकून घ्या."

उरकून घ्या! जसं काही गाडीत माल भरायचा होता.

तात्यांना अग्नी मीच देणार होतो. आमच्याकडे बापाला थोरला अग्नी देतो आणि आईला धाकटा. तेव्हा विलासवाचून काही अडलं नाही. पण दिवस झाल्यावर मी नेट उघडून अंतर बघितलं, तर सतरा तास. दोन दिवस कुठले? मी द्राक्षाचा व्यापारी आहे. निफाडहून गाडी किती वाजता सुटली की बंदरावर किती वाजता लागते, हे मला कोणी शिकवू नये. विलासने बापाच्या मरणात मापात पाप केलं असं मी ठरवून टाकलं. दहाव्यालाही तो आला नाही, व्हिसाचं कारण सांगितलं. वर्षाने आला तेव्हा मी त्याच्याशी पाहुण्याशी बोलावं तेवढंच बोललो.

या उन्हाळ्याच्या शेवटी त्याच सतरा तासांच्या प्रवासाला मी स्वतः निघालो. पाठवलं आईने.

सायखेडा

आईने उभी हयात नाशिकच्या बाजारात मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या विकल्या. भाव करायला मी तिच्याकडे बघून शिकलो. मी नाशिकला बंगला बांधला तरी ती सायखेडा सोडून आली नाही. आता तिच्या हृदयाने कच खाल्ली आहे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तर तिने आतून आवाज दिला, "इकडं येऊन सांगा. हृदय माझं हाय."

त्याच संध्याकाळी तिने विचारलं, "विलास येऊन पोचंल का रे?"

"कधी?"

"कधी म्हंजे? मी गेल्यावर. अग्नी त्यानं द्यायचा हाय ना?"

असल्या गोष्टी बोलू नयेत, असं मी म्हणालो. तिने ते मनावरही घेतलं नाही.

"पोचनार असंल तर पोचनार म्हन. नसंल तर नाय म्हन. मला तसं ठरवता येईल."

"मग त्यालाच फोन करून विचार."

"फोनवर तो पोचतोच म्हनंल. तू जाऊन बघून ये, किती लांब हाय ते. माल न बघता फोनवर सौदा करतो का तू?"

मी नाही म्हणालो. कारणं बरीच दिली. माझी बायको सुमन भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "जा तुम्ही. तुमच्या दोघांच्या रागात त्या तशाच ताटकळत राहतील."

व्हिसा, तिकीट यांत महिना गेला. तिकिटाच्या एजंटाशी मी तीन वेळा भांडलो आणि तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "साहेब, विमान काय माझं आहे?"

आकाशात

ओझरचा विमानतळ आमच्या घरापासून अर्ध्या तासावर, पण तिथून मला हवं ते विमान नव्हतं. तेव्हा नाशिक ते मुंबई रस्त्याने. घाटात कंटेनर आडवा पडलेला. सतरा तासांत हा घाट धरलेला नसतो. तीन तास आधी पोचा म्हणतात तेही धरलेलं नसतं. सिंगापूरला विमान बदलताना लांबलेलं बसणं, उठणं, पट्ट्यावरून चालत राहणं, हे सगळं त्या आकड्याच्या बाहेर. या गोष्टी मला माहीत नव्हत्या असं नाही. मी त्या विलासच्या बाजूने कधी मोजल्या नव्हत्या.

सिंगापूरपासून पुढे समोरच्या पडद्यावर नकाशा असतो आणि त्यावर एक छोटं विमान. खाली उरलेलं अंतर दिसतं. मी झोपून उठलो, जेवलो, पुन्हा झोपलो आणि उठलो, तरी विमान ऑस्ट्रेलियाच्या पोटातच. खाली लाल माती. ना गाव, ना रस्ता. आमच्याकडे असं मोकळं रान दिसलं की प्लॉट पाडणारा माणूस आधी दिसतो.

माझ्या शेजारी एक सरदारजी होते, अमृतसरकडचे, पन्नाशी ओलांडलेले. न्यूझीलंडात दुधाचा टँकर चालवतात. दाढी विंचरलेली, पण डोळे सुजलेले. मी विचारलं नव्हतं तरी सांगितलं, आई गेली म्हणून गावी गेलो होतो.

"टाइम पे पहुँचे?" मी विचारलं.

"भोग पे पहुँचा जी. दसवें दिन, पाठ की समाप्ति पे."

"और संस्कार?"

त्यांनी मान हलवली. "वो तो किसी ने नहीं देखा हमारे में से, जो बाहर हैं. मेरा भाई कनाडा में है, उसने भी नहीं. हम लोग चेहरा फोन पे देखते हैं."

मला राग आला. कोणाचा ते तेव्हा कळलं नाही. मी जरा जोरात म्हणालो, "फोन पे क्या देखना? आदमी को निकलना चाहिए."

ते शांतपणे म्हणाले, "निकलते ही हैं, भाईसाब. रुकता कौन है?" आणि पराठ्याचा डबा पुढे केला. बायकोने बांधून दिलेले, मुळ्याचे. मी एक घेतला. तो खाताना मला त्यांच्याकडे बघवेना.

ऑकलंड

त्या देशात माती, बी-बियाणं, पाला आत येऊ देत नाहीत. सुमनने दिलेला कढीपत्ता मी आधीच टाकून दिला होता. शेंगदाण्याची चटणी दाखवली, ती त्यांनी हुंगून परत दिली. मला वाटलं सुटलो. तेवढ्यात एका बाईने माझ्या बुटांकडे बोट केलं आणि काढायला सांगितलं.

बूट मी मुद्दाम पॉलिश करून घेतले होते. पण निघायच्या दिवशी सकाळी एका द्राक्षबागेत चक्कर मारली होती, तिथली माती तळाच्या खाचांत बसली होती. बाई उलटा बूट धरून बघत होती आणि मी मोज्यांवर उभा होतो. या वयात मला कोणी असं उभं केलेलं नाही. मी आवाज चढवला. द्राक्ष परदेशात पाठवणारा माणूस आहे, तुमच्या लोकांपेक्षा जास्त तपासण्या मी पास केल्या आहेत, असं इंग्रजी-हिंदीत जमेल तसं ऐकवलं. तिने ऐकून घेतलं, बूट आत नेले आणि थोड्या वेळाने धुऊन, पुसून, पिशवीत घालून परत दिले. दंड नाही, ओरडा नाही. "यू आर अ फार्मर," ती म्हणाली, "यू अंडरस्टँड."

शेतकरी मी नाही, व्यापारी. पण समजलं होतं. आमच्याकडे एका बागेतला रोग दुसऱ्या बागेत मजुरांच्या पायानेच जातो.

ब्लेनम

दक्षिणेकडच्या बेटावर ब्लेनम नावाचं गाव आहे. ऑकलंडहून लहान विमानाने जातात. विलास तिथल्या द्राक्षबागांवर मुकादम आहे. विमानतळ म्हणजे आमच्या एसटी स्टँडपेक्षा लहान. दारातच तो उभा होता. केस पिकलेले. त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला आणि विचारलं, "लय दमलास का, भाऊ?"

इतकी वर्षं तिकडे राहून त्याच्या तोंडातला 'लय' गेला नव्हता. मी म्हणालो, "सतरा तास म्हणे."

त्याने माझी बॅग उचलली.

जूनचा महिना, म्हणजे तिकडे ऐन थंडी. सकाळी बागांवर दहिवर गोठून पांढरं पडलेलं. वेली बोडक्या. आमच्याकडे वेलीला वर्षातून दोनदा कात्री लागते, एप्रिलात काडी तयार व्हायला खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळासाठी गोडी छाटणी. वेलीला झोप म्हणून नाही. तिकडे एकदाच छाटतात आणि मग ती महिना-दोन महिने निवांत पडून असते. डोंगराच्या पायथ्यापर्यंत ओळीच ओळी, आणि माणूस क्वचित. त्या शांततेत मला दुसऱ्या दिवशी दडपल्यासारखं झालं. इथे कोणी मेलं तर शेजारी कधी कळणार?

विलासची बायको रूपाली बाजरीचं पीठ भारतीय दुकानातून आणते. तिच्या हातची भाकरी फुगली तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली. भाऊजींना तिखट लागतं म्हणून ठेच्यात मिरच्या वाढवल्या होत्या. मी चांगलं झालंय म्हणालो. एवढ्यावर तिचे डोळे भरले. आमच्या घरातलं कोणी तिच्या हातचं जेवायला तिथे गेलंच नव्हतं.

एक गंमत सांगतो. विलास मला बागा दाखवायला गाडीतून नेत होता. रस्त्याकडेला एक टेबल दिसलं. त्यावर लिंबं आणि अक्रोडांच्या पिशव्या, शेजारी एक डबा. पाटीवर भाव. माणूस नाही. मी म्हणालो, "मालक कुठंय?"

"घरी असेल. पैसे डब्यात टाकायचे."

"आणि भाव कोणाशी करायचा?"

"कोणाशीच नाही."

"कोणी डबा उचलून नेला तर?"

"नाही नेत, भाऊ."

मी टेबलाभोवती एक फेरी मारली. अक्रोड महाग होते, हे पिशवी हातात घेताच कळलं. पण ते सांगायला तिथे कोणी नव्हतं. मी पाटीवरचे पैसे डब्यात टाकले. विलास खो खो हसत सुटला. "सायखेड्यात सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही!" आम्ही दोघं त्या दिवशी पहिल्यांदा एकत्र हसलो, आणि हसणं थांबल्यावर मला आठवलं की मी कशासाठी आलोय.

ओळींच्या मधे

तो छाटत होता, मी कापलेल्या काड्या तारेतून ओढून काढत होतो. रिकाम्या हाताने उभं राहणं मला जमत नाही. मी आईचा निरोप सांगितला, तिच्याच शब्दांत. कात्री थांबली.

"काय सांगितलंस तिला?"

"बघून येतो म्हणालो. बघितलं. आता तू सांग."

विलासने कात्री तारेला अडकवली आणि हातमोजे काढले. "भाऊ, सायखेड्याला सकाळ होते तेव्हा इथं दुपार झालेली असते. त्या दिवसाचं विमान गेलेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं. जागा मिळाली, सिंगापूरला गाठ पडली, तर तिसऱ्या दिवशी पहाटे मी दारात. सगळं बरोबर जमलं तर. तात्यांच्या वेळी मी हेच बघितलं होतं."

"तू आधी तेच बघितलंस. रडलास नंतर."

"मग काय करू?" त्याचा आवाज एकदम चढला. आमच्या घरात सगळ्यांचा असाच चढतो. "तुमच्याकडे गाव गोळा झालं होतं. इथं कोणाच्या गळ्यात पडणार होतो मी? रूपाली कामावर. फोन हातात होता. विमानं बघत बसलो. एक बघितलं, दुसरं बघितलं. रात्रीपर्यंत बघत होतो, तुझं अग्नी देऊन झाल्यावरसुद्धा. व्हिसाचं काम अडकलेलं, बाहेर पडलो असतो तर परत येता आलं नसतं. तरी बघत होतो."

मी आणखी एक काडी तारेतून ओढून काढली. बोलायला न सुचलं की मी सौद्याकडे वळतो.

"आईचं बोल. किती थांबायचं?"

"तीन दिवस."

"तीन? सायखेड्यात सूर्य मावळायच्या आत नेतात. लोक दारात बसून राहतात, चूल पेटत नाही."

"आता शीतपेटी मिळते भाड्याने. मला ठाऊक आहे. रूपालीच्या काकांना ठेवलं होतं."

"आईला थंडी सोसत नाही."

"भाऊ, तुझ्या कोल्ड स्टोरेजात द्राक्षं महिना महिना राहतात."

मी हातातली काडी त्याच्या अंगावर फेकून मारली. ती त्याच्या गालाला लागली आणि बारीक ओरखडा उठला. तो हलला नाही. मीही हललो नाही. वाक्य त्याच्या तोंडून निघालं होतं आणि ते परत घेता येणारं नव्हतं, हे त्यालाही कळलं असावं, कारण त्याने गालाला हातसुद्धा लावला नाही.

हातमोजे खिशात कोंबत तो म्हणाला, "दोन रात्री."

"एक."

"एका रात्रीत मी ऑकलंडच्याही पुढे जात नाही. तू आलास ना त्याच रस्त्याने?"

मी आलो होतो त्याच रस्त्याने. ऑस्ट्रेलियाच्या पोटात अडकलेलं ते छोटं विमान मला दिसलं. सायखेड्यात असतो तर मी एकीवर अडून बसलो असतो.

"दोन," मी म्हणालो. "तिसऱ्या दिवशी सूर्य उगवला की कोणासाठी थांबणार नाही."

आम्ही व्यापारी सौदा ठरला की हातावर हात मारतो. त्याने हात पुढे केला. मी तो नुसता धरला.

धुकं

परतीच्या सकाळी ब्लेनमला धुकं उतरलं. समोरची कुंपणाची तारही दिसेना. लहान विमान आलंच नाही. पुढचं ऑकलंडहूनचं विमान चुकणार, त्यापुढचं सिंगापूरहूनचंही. काउंटरवरच्या पोरीला मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. मला आजच पोचायचं आहे, असं मी ओरडून सांगत होतो. कशाला, असं तिने विचारलं असतं तर माझ्याकडे कारण नव्हतं. घरी सगळे खुशाल होते.

मागे वळलो तर विलास बाकावर बसलेला. धुक्याकडे बघत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मी विचारलं नाही, कारण माझ्या मनातही तेच चाललं होतं. दोन रात्री ठरवून आम्ही हातात हात दिला होता आणि त्यातली एक धुक्यात गेली होती.

रूपालीने डब्यात दिलेली पिठलं-भाकरी आम्ही तिथेच बाकावर खाल्ली. दुसऱ्या दिवशी आकाश लखलखीत होतं. निघताना त्याने पुन्हा वाकून नमस्कार केला. मी त्याच्या गालावरचा ओरखडा बघितला. खपली धरली होती. "हळद लाव," म्हणालो.

पुन्हा सायखेडा

मी मुंबईहून नाशिकला घरी न जाता तसाच सायखेड्याला गेलो. आई जागी होती. सुमन तिला तांदळाची पेज भरवत होती.

"किती लांब हाय?"

मी सगळं सांगितलं. सकाळ-दुपारचा फरक सांगितला, धुकं सांगितलं. शीतपेटीचंही सांगितलं. विलासने विमानं बघत रात्र काढली होती, तेही सांगितलं. हे सांगताना मी त्याची बाजू घेतोय हे माझ्या लक्षात आलं, तरी थांबलो नाही. शेवटी म्हणालो, "दोन रात्रींवर ठरलंय आमचं."

आईने पेजेची वाटी बाजूला सारली. बाजारात गिऱ्हाईक चुकीचा भाव बोललं की ती अशीच जुडी खाली ठेवायची.

"मला न विचारता ठरवलं?"

"तूच तर पाठवलंस."

"बघायला पाठवलं. ठरवायला नाय. दोन रात्री मी त्या पेटीत पडनार नाय. गावातली पोरंबाळं उपाशी राहतील. एक रात्र देते. सकाळी ऊन वर आलं की उचलायचं."

"एका रात्रीत तो नाही पोचत, आई. मी सांगतोय ना, मी जाऊन आलोय."

"मग तू दे. पर तात्यांना दिला तसा नको. तेव्हा तू भावावर दात खात अग्नी द्यायला गेलास. मी बघत होते."

सुमनने खाली बघितलं. मी आईशी अर्धा तास हुज्जत घातली. दीड रात्र करून बघितली, दुसऱ्या दिवसाची दुपार करून बघितली. ती एका रात्रीवरून हलली नाही. आयुष्यात मी एवढा हटवादी विक्रेता बघितलेला नाही.

अंगणात येऊन मी विलासला फोन लावला. तिकडे दुपार होती. मागे कात्र्यांचा आवाज येत होता.

"काय म्हणाली?" त्याने विचारलं.

"एक रात्र देतेय."

"एकच?"

"एकच. मी खूप ओढून बघितलं."

कात्र्यांचा आवाज बंद झाला. तो बागेच्या कडेला गेला असावा.

"भाऊ, एका रात्रीत पोचायचं तर मला ते व्हायच्या आधी निघावं लागेल."

"हो," मी म्हणालो. "आधीच निघावं लागेल."

"किती आधी?"

मी दारातून आत बघितलं. आई पेजेची वाटी पुन्हा स्वतःच्या हातात घेऊन पीत होती.

"तिकीट कधीचं मिळतंय ते बघ," मी म्हणालो. "बघ आत्ता. मी फोन चालू ठेवतो."